आवडीनं घातलेलं पथ्य

आवडीला जाऊन आता तीन वर्षं होतील. हल्ली कर्जतपासून खालापूरपर्यंत जो उठतो तो तिच्याबद्दल गोड बोलतो. "केवढं मोठं मन! ज्यानं तिच्या संसाराचं वाटोळं केलं, त्याचाच जीव वाचवला बाईनं." परवा कीर्तनात एका बुवांनी तिचं उदाहरण देऊन क्षमेवर अर्धा तास निरूपण केलं. मी उठून बाहेर आलो. तंबाखू मळत ओट्यावर बसलो आणि मनातल्या मनात बुवांना शिव्या दिल्या. आवडीनं येसाजी मुकादमाला क्षमा केली नव्हती. शेवटपर्यंत केली नव्हती. मी तिला तेवीस वर्षं ओळखत होतो आणि शेवटच्या प्रसंगी मी त्या खोलीत होतो, म्हणून सांगतो. तिनं काय केलं ते तसंच्या तसं लिहून ठेवायचं मी ठरवलं आहे. नाहीतर हे लोक तिला देव्हाऱ्यात बसवतील, आणि तिथं ती एक दिवस टिकायची नाही.

तिचं माहेर नेरळच्या पुढं, माथेरानच्या पायथ्याशी. वर साहेबलोकांचे बंगले नुकते उभे राहत होते. आवडीचा बाप खालून कोंबड्या, भाजी, लाकडं डोक्यावर घेऊन डोंगर चढायचा. बारा-तेरा वर्षांची आवडी त्याच्या मागं. एका साहेबाच्या बंगल्यावर लिम नावाचा चिनी माळी होता. कुठल्या गुन्ह्यासाठी त्याला चीन देशातून इकडं काळ्या पाण्यावर आणलं होतं, ते त्यानं कधी सांगितलं नाही. शिक्षा संपली, पण परत जाणार कसा? साहेबानं ठेवून घेतला. त्याची वेणी पाहून आवडी आधी घाबरली होती. मग एकदा डोंगर चढताना तिचं पोट बिघडलं. चार वेळा झाडीत जाऊन आली आणि बंगल्याच्या पायरीवर आडवी झाली. लिमनं तिला मातीच्या भांड्यातून पेज आणून दिली. त्याच्याही देशात पेजच खातात, याचं तिला सगळ्यात जास्त नवल वाटलं होतं. म्हातारपणीही ती हे हसत सांगायची.

त्या पेजेत वाल होता. आपल्याकडं भाताच्या कापणीनंतर ओलीवर पेरतात तोच, पण पांढरा. आमच्या शेतांत होतो तो वाल तांबूस आणि कडवट. त्यात चुकून एखाद्या वेलाला पांढरं फूल येतं, पांढरा दाणा धरतो. बियाणं निवडताना बायका तो दाणा बाजूला काढून टाकतात. सगळं शेत फिकं पडेल म्हणतात. लिम हे टाकलेले दाणे खालच्या गावांतून मागून न्यायचा. रात्रभर भिजवायचे. पहिलं पाणी ओतून द्यायचं, त्याचा थेंबही पोटात जाऊ द्यायचा नाही. सावलीत सुकवून खापरावर मंद आचेवर भाजायचे. साल तडकून दाणा हळदीचं बोट लागल्यागत पिवळसर झाला की कुटून पूड करायची आणि जुन्या तांदळाच्या पेजेत शिजवायची. "पेट में गीला घुसता," लिम तिला मोडक्या हिंदुस्तानीत समजावायचा, "ये दाना गीला पी जाता." पोटात ओल शिरते, हे आमच्या पावसाच्या मुलुखात कोणालाही पटेल. आवडीला पटलं. दोन वर्षं ती त्याच्याकडं बघत शिकली. पुढं साहेब विलायतेला गेला आणि लिम कुठं गेला ते कळलं नाही.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. आमच्याकडं वाल आवडीनं खातात, पण तो बाधतो हे पोराटोरांना ठाऊक असतं. वालाचं बिरडं खाऊन माणूस कुशीवर कूस बदलतो, पोटात वारा धरतो. बाळंतिणीला वाल देत नाहीत, तापकऱ्याला देत नाहीत. हगवण लागलेल्याला वाल द्यायचा म्हणजे आमच्या लोकांच्या मते त्याच्या नरड्यावर पाय द्यायचा. आवडीचं सगळं आयुष्य या एका समजुतीवर ठेचकाळलं.

पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा धाऊ, पळसदरीच्या अलीकडचा, उंच, गाणारा माणूस. "त्याला भात वाढला की आधी वास घ्यायचा आनि मग माज्याकडं बघून हसायचा," एवढंच ती त्याच्याबद्दल मला सांगायची, पण पुन्हा पुन्हा सांगायची. भोर घाटात रेल्वेचं काम जोरात चाललं होतं. भात कापून झालं की आसपासच्या गावांतले तरुण घाटात दगड फोडायला जात. धाऊही गेला. त्यांच्या टोळीचा मुकादम येसाजी. तो याच भागातला, कष्टातून वर आलेला, आवाजानं माणसं हाकणारा.

१८६०च्या वैशाखात घाटातले ओढे आटले. टोळीच्या झोपड्यांखाली एक डबकं उरलं होतं. झोपड्यांची सगळी घाण त्याच उताराला. वर अर्ध्या कोसावर जिवंत झरा होता आणि पिण्याचं पाणी तिथूनच आणायचं, असा रेल्वेवाल्यांचा हुकूम होता. पण वर माणसं पाठवली की तेवढे हात कामावर कमी. येसाजीनं हुकूम खिशात घातला आणि टोळीला डबकं दाखवलं. आठ दिवसांत झोपड्यांमधून माणसं उचलायची वेळ आली.

धाऊ पडल्याचं आवडीला कळलं तेव्हा तिनं वेळ घालवला नाही. पेज शिजवली, मडकं डोक्यावर घेतलं आणि उन्हातून घाटाच्या पायथ्याशी गेली. पहिल्या दिवशी तिला कोणी अडवलं नाही. धाऊ घोट घोट प्यायला. सांजेपर्यंत त्याचं पोट धरलं. "उद्या पन आन गं," तो म्हणाला. शेजारच्या झोपडीतल्या दोघांनीही मागितली, तिनं उरलेली त्यांना दिली.

दुसऱ्या दिवशी झोपडीच्या तोंडाशी येसाजी उभा.

"काय हाय मडक्यात?"

आवडी अठरा वर्षांची होती. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही. "वाल हाय. भाजून पेजंत घातलाय."

"वाल? डोस्कं ठिकानावर हाय का तुजं? हगवनीवर वाल? धडधाकट गड्याच्या पोटात गोळा उठतो वालानं! नवरा मारायला निगालीस?"

"काल दिला मुकादम, बरं वाटतंय त्याला. इचारा की त्यालाच."

येसाजीनं विचारलं नाही. त्यानं लाथ घातली. मडकं फुटलं आणि पेज मातीत गेली. आतून धाऊ काहीतरी बोलत होता, ते तिला नीट ऐकूही आलं नाही, कारण दोन गडी तिला दंडाला धरून झोपड्यांच्या पार नेत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी धाऊला घोंगडीत गुंडाळून गावात आणलं.

येसाजी इथं थांबला असता तर कदाचित मीही त्याला दयामाया दाखवली असती. चुकीच्या समजुतीनं केलं, म्हणालो असतो. पण त्याच्या टोळीतली वीसएक माणसं त्या महिन्यात गेली. लोक पाण्याबद्दल कुजबुजायला लागले, आणि त्याला दोष ढकलायला कोणीतरी हवं होतं. धाऊच्या दहाव्याला तो गावात आला, चावडीवर बसला आणि म्हणाला, "मी माज्या डोळ्यांनी बघितलं. ह्या बाईनं त्याला वाल घातला. आजूबाजूच्यांनाबी घातला. आजार तिथनंच पसरला." चावडीवरच्या माणसांना ते पटलं. हगवणीवर वाल! सासू येसूबाईनं त्याच सांजेला आवडीचं लुगडं अंगणात फेकलं. माहेरी निरोप आधीच पोचला होता. तिथं भावानं दार उघडलं नाही. 'वाल घालून नवरा मारलेली' हे तिचं नाव पडलं. बाजारात तिच्याकडं बोट दाखवायचं झालं तर लोक तेवढंच म्हणत.

तिला आसरा दिला तो जनानं. ही डोंगरातल्या ठाकूरवाडीतली बाई, आवडीच्याच वयाची, रानातला पाला आणि कंद घेऊन बाजारात यायची. तिनं आपल्या झोपडीला लागून आवडीला एक खोपटं घालून दिलं. वाडीच्या कुडांवर पांढऱ्या फुलाचे वालाचे वेल चढलेले असत, कारण या लोकांना शेत फिकं पडायची भीती नव्हती. त्यांच्याकडं शेतच नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात जनाच्या लेकीला हगवण लागली. जनानं आवडीचं नाव ऐकलं होतं, तिची कथाही ऐकली होती. तरी म्हणाली, "घाल वाल." पोरगी वाचली.

त्यानंतर वाडीवरची माणसं यायला लागली, मग गावातली. गावातली मागच्या वाटेनं. ज्या बायकांनी तिला चावडीवर शिव्या दिल्या होत्या त्या पोराला कडेवर घेऊन दिवेलागणीला कुंपणापाशी उभ्या राहत. आवडी सगळ्यांना देई. आमच्याकडं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याला काही बंधनं असतात. मोबदला घ्यायचा नाही. मागेल त्याला नाही म्हणायचं नाही, नाहीतर हाताचा गुण जातो. आणि पथ्य घातलं की ते देणाऱ्यानंच सोडवायचं. त्यानं येऊन पहिला घास आपल्या हातानं भरवायचा. तोवर रोग्यानं मोडलं तर औषध उलटतं, असं मानतात. आवडीचं पथ्य सात दिवसांचं असे. आठव्या दिवशी ती पाच कोस चालत येई, पण येई. गुण प्रत्येकाला आला असं मी म्हणणार नाही, काही दगावले. पण बरेच उठले. मीही त्यातलाच. १८७७च्या पावसात नवा मास्तर म्हणून दहिवलीत आलो आणि पंधरा दिवसांत आडवा झालो. आठव्या दिवशी तिनं येऊन मला बिरडं-भाताचा घास भरवला. माझ्या आईनंतर मला कोणी भरवलं असेल तर तिनं.

पण गंमत बघा. औषध सगळे घेत, नाव कोणी घेत नसे. 'ती पूड', 'आवडीचं पिठलं', असं काहीबाही म्हणत. वाल म्हणायची कोणाची छाती नव्हती. वालानं हगवण थांबते म्हटलं की चावडीवर येसाजी खोटं बोलला असं होतं, आणि येसाजी आता मोठा माणूस होता. खालापूरकडं कौलारू घर, बैलांच्या चार जोड्या, पंचांत पहिली जागा. माणसं तिच्या हातची पेज पिऊन उठत आणि बाजारात गेल्यावर तिला नवरा मारलेलीच म्हणत. तिला देशोधडीला लागल्याचं दुःख नव्हतं. मला ती एकदा म्हणाली, "मास्तर, धाऊ मरताना त्याच्या कानावर काय पडलं असंल? का बायकोनं इख घातलं. हे त्या मुकादमाच्या तोंडून पुसून घ्याचंय मला. बाकी कायबी नको." अठरा वर्षं ती यासाठी थांबली होती.

१८७८च्या भाद्रपदात येसाजीला हगवण लागली. वैद्य झाले, हकीम झाले, पनवेलहून कोणा डॉक्टराची बाटली आली. महिन्याभरात त्या धिप्पाड माणसाची काठी झाली. शेवटी त्याची बायको सोनाबाई ठाकूरवाडीत आली. ही सोनाबाई मोठी अबोल बाई. तिचा धाकटा भाऊ सदू त्याच टोळीत होता आणि त्याच वैशाखात गेला होता. नवऱ्यानं तिलाही वालाचंच कारण सांगितलं होतं.

"पूड दे," ती आवडीला म्हणाली.

"देते. पन ज्याचं दुखनं त्यानं येऊन मागायचं."

"उठवत नाय त्यान्ला."

"धाऊलाबी उठवत नव्हतं. मी बाजारच्या दिवशी कर्जतला असते. दुपारपावेतो."

रोग्यानं स्वतः यावं असं बंधन कुठंच नाही. माझ्यासाठी पूड शाळेचा शिपाई घेऊन आला होता. ते तिनं तिथल्या तिथं रचलं.

बाजारच्या दिवशी डोली आली. मी मिरच्या घेत होतो, त्या तशाच टाकून पुढं गेलो. चार गड्यांनी डोली आवडीच्या टोपलीपुढं टेकवली. ऊन लखलखीत होतं आणि बाजार भरात होता. माणसं गोळा झाली. येसाजीचे डोळे खोल गेले होते, पण नजर तीच.

"औषध दे," तो म्हणाला.

"कशाचं?"

"पोटाचं."

"पोट तुमचं. औषध कशाचं ते इचारते. नाव घेऊन मागावं लागतंय, मुकादम. त्याबिगर गुन येत नाय."

हेही तिनं तिथंच रचलं. माझ्याकडं एकदा चोरून बघितलं. मी मान डोलवली, जणू शास्त्रात लिहिलंच आहे.

येसाजीनं जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली. मग पुटपुटला, "वालाचं."

"मागच्या मान्सास्नी ऐकू गेलं नाय."

"वालाचं! वालाचं औषध दे!"

"हगवनीवर वाल चालतो?"

"चालतो."

"धाऊला चालला असता?"

गर्दीत म्हातारी येसूबाई होती, आवडीची सासू. कोणीतरी तिला पुढं ढकललं. येसाजीनं डोळे मिटले. रागानं की अशक्तपणानं, ते त्यालाच ठाऊक.

"चालला असता," तो म्हणाला.

येसूबाई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. आवडीनं तिच्याकडं पाहिलंही नाही. टोपलीतून पुडी काढली, पेज बरोबर आणलीच होती, त्यात कालवून येसाजीच्या हातात दिली. त्यानं ती भर बाजारात प्यायली.

कीर्तनातले बुवा इथं थांबतात. त्यांचं बरोबर आहे. इथं थांबलं तर कथा पुण्याची होते. तिच्या नावावरचा डाग त्या दुपारी पुसला गेला, येसाजी दहा दिवसांत घरात फिरायला लागला, आणि माणसं तिला रस्त्यात 'आवडीबाय' म्हणायला लागली. तिला हवं होतं ते मिळालं होतं. निदान ती तसं म्हणत आली होती. पण डोली उचलताना तिनं पथ्य सांगितलं, तेव्हा मी जवळ होतो.

"वालाची पेज, दोन वेळा. मीठ चिमूटभर. तेल नाय, तिखाट नाय, मटन-मासळी नाय, ताडी नाय. गोड नाय. सोडवायला मी येईन."

किती दिवसांनी, ते तिनं सांगितलं नाही. आणि आठव्या दिवशी ती गेली नाही.

पंधराव्या दिवशी येसाजीचा गडी विचारायला आला. ती म्हणाली, "पोट कच्चं हाय." महिन्यानं पुन्हा आला. "कच्चं हाय." पुढच्या वैशाखात, धाऊच्या तिथीला, ती स्वतः येसाजीच्या घरी गेली, त्याला बाजेवर झोपवलं, पोट चार ठिकाणी दाबून बघितलं आणि मान हलवली. "नाय. अजून नाय." मग दर वर्षी त्याच तिथीला जायची. जाताना लुगडं स्वच्छ नेसायची, केस चापून बसवायची. सण असल्यासारखी.

येसाजी खाण्याचा शौकीन होता हे सांगायला हवं. माघात त्याच्या शेतावर पोपटी लागायची. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, वर पाला कोंबून मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ. पूर्वी तो मडकं स्वतः फोडायचा आणि पहिल्या शेंगा त्याच्या. आता सांजेला माणसं जाळाभोवती बसत, हात भाजत शेंगा सोलत, आणि हा दहा पावलांवर बाजेवर पेजेचा वाडगा घेऊन बसे. वास त्याच्याकडं जायचाच. लेकीच्या लग्नात तीनशे पानं उठली, यजमान पेज प्यायला. व्याही आग्रह करायला आले तेव्हा सगळ्यांसमोर सांगावं लागलं, "मला वालाची पेज लागते." दर पंगतीत हेच. दर वर्षी हेच.

तुम्ही म्हणाल, त्याला कोणी सांगितलं कसं नाही? सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं की आवडीचं पथ्य सात दिवसांचं. घरटी एक माणूस तिच्या हातून घास खाऊन सुटला होता. पण कोणी सांगितलं नाही. कोणाचा भाऊ त्या डबक्याचं पाणी पिऊन गेला होता, कोणाचा बाप. आणि तो विचारणार कोणाला? आपलं दुखणं इतरांसारखं नव्हे, थोर आहे, असंच त्याला वाटत होतं. पंचांत पहिली जागा, तसं दुखण्यातही. मी शाळेत रोज खरं बोलावं म्हणून पोरांना छड्या मारत होतो, आणि त्याच्या दारावरून जाताना नमस्कार करून पुढं जात होतो. मला लाज वाटत नाही. उलट पोपटीच्या दिवसांत मी मुद्दाम त्या रस्त्यानं जायचो.

सोनाबाईला तरी ठाऊक होतं का? होतं. तिसऱ्या वर्षी ती आवडीकडं आली, समोर बसली आणि विचारलं, "खरं किती दिसाचं?" आवडीनं सांगितलं. सोनाबाईनं पदर सावरला. मग म्हणाली, "सदूबी पेज मागत हुता म्हनं त्या दिशी." उठली, घरी गेली आणि चुलीवर पेज ठेवली.

मी एकदा आवडीला टोकलं. दहाबारा वर्षं झाली असतील. "बास कर की आता. बाजारात बोलला ना तो?"

ती वाल निवडत होती. पांढरे एकीकडं, तांबडे एकीकडं. "बोलला. मला वाटलं हुतं तेवड्यानं मन निवंल. त्या राती खोपटात जाऊन वाट बघत बसले निवायची. नाय निवलं, मास्तर. उलट भूक लागली."

"आणि तो मेला म्हणजे?"

"मरू द्याची नाय त्याला. पेज घेतोय म्हनून तर जगलाय. त्याच्या वयाचे बाकीचे बघा, कवाच गेले."

हे मात्र खरं होतं. साध्या खाण्यानं येसाजी काटक झाला होता. त्याला खोकला झाला की आवडी धावत जायची, काढा द्यायची, दोन दोन दिवस उशाशी बसायची. लोक हात जोडायचे. तिच्या डोळ्यांत काय असायचं ते मी पाहिलं आहे. कसायाला बोकड आजारी पडला की तसं होतं.

१८९४च्या मार्गशीर्षात मात्र येसाजीचं वयच झालं. हातपाय सुजले, श्वास लागायला लागला. सोनाबाईनं मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "आवडीला आना. पथ्य सोडवा म्हनतायत." मी ठाकूरवाडीत गेलो. आवडीनं निरोप ऐकला आणि दोन दिवस मागितले. वाल भिजवून मोड आणायला तेवढे लागतात. तिसऱ्या दिवशी दुपारी ती येसाजीच्या घरी आली, सोनाबाईच्या चुलीवर तिनं वालाचं बिरडं केलं. तेलात ओवा-लसणाची फोडणी, वर ओलं खोबरं, आमसूल. सगळं घर त्या वासानं भरलं. माझ्यासुद्धा तोंडाला पाणी सुटलं.

येसाजीला तक्क्याला टेकवून बसवलं होतं. आवडीनं भात आणि बिरडं कालवलं, रिवाजाप्रमाणं पहिला घास आपल्या हातानं त्याच्या तोंडात घातला. त्यानं तो कितीतरी वेळ घोळवला. डोळ्यांतून पाणी आलं, गालावरून मिशीत उतरलं. लहान पोर जेवतं तसा जेवला तो घास. त्या क्षणी मला त्याची कीव आली, हे कबूल करतो.

"आवडी," तो म्हणाला, "एवडं कच्चं हुतं का गं माजं पोट?"

"नाय," ती म्हणाली. "सात दिसांत बरं झालं हुतं."

त्यानं आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी खाली बघितलं. मग त्यानं सोनाबाईकडं पाहिलं. ती चुलीतलं लाकूड मागं ओढत होती. तिनं मान वर केली नाही. तेवढ्यानं त्याला सगळं कळलं.

"सोळा वर्सं," तो म्हणाला. आवाज असा आला, जसं कोणी छातीवर बसलंय. "सोळा वर्सं पेजंवर ठेवलंस मला?"

आवडीनं दुसरा घास कालवला. "तुमाला पेज तरी मिळाली, मुकादम," ती म्हणाली. "धाऊ चवतीस वर्सं जेवला नाय."

आणि घास त्याच्या तोंडापुढं धरून बसली. त्यानं तोंड उघडलं नाही.